वरातीमागून बग्गी

लग्नसराई तोंडावर आली की पत्रांचा रंगच बदलतो बघा. एरवी मायलेज अन क्लचप्लेटचे प्रश्न असतात, या खेपेला मात्र सगळे बग्गी, टांगा अन छकडीचे. मोठं पत्र आधी घेतो, कारण त्यात वेल्डिंगवाल्याने अॅडव्हान्स मागितलाय अन वाचकाने तो अजून दिलेला नाही, म्हणजे वाचवण्यासारखं काही शिल्लक आहे.

प्रश्न : काकाजी नमस्कार. आमचा लग्नात बग्गी लावायचा धंदा आहे, वडलांपासूनचा. दोन घोड्या अन एक बग्गी. आधी नागपुरात सक्करदऱ्यावरून महाल, इतवारी, सदरपर्यंत घोड्या जुंपूनच न्यायचो, पण आता लग्नं सगळी वर्धा रोड अन कामठी रोडच्या लॉनवर गेली, उमरेड, सावनेर, सौंसरच्याही ऑर्डर येऊन राहिल्या. मागच्या महिन्यात एका घोडेस्वारी करणाऱ्या साहेबांकडून दोन घोड्यांचा बंद ट्रेलर जुन्यात घेतला. आतून ११ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. पुढच्या भिंतीपासून दोन्ही आसांचा मध्य साडेपाच फुटांवर येतो अन तिथून हुकापर्यंत १० फूट. रिकामा ट्रेलर काट्यावर ८६० किलो भरला, आरसीवर भरलेलं वजन १८०० लिहून आहे. बग्गी धुरा (घोड्या जुंपायचा दांडा) काढून साडेआठ फूट लांब, चाकाच्या तुंब्यापासून (मधल्या गाभ्यापासून) तुंब्यापर्यंत ५ फूट २ इंच, वजन ४८०. घोड्या चारशे-चारशेच्या धरा. हिंगण्याचा एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो की मागून कापून पाच फूट चॅनल जोडून देतो, पुढे दोन्ही घोड्या, मागे बग्गी, एकाच फेरीत सगळं. करू का? आरटीओवाले धरतील का? अन बग्गी आत बांधायची कशी, आतापर्यंत पिकअपमधे नायलॉनच्या दोरीने बांधायचो. — एक बग्गीवाला, सक्करदरा

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी तुमचं कौतुक करतो. इतकी मापं घेऊन पत्र लिहिणारा माणूस या सदराला वर्षातून एखादाच भेटतो. अन तुमच्याच मापांनी तुमचा बेत मोडतो, त्याला माझा इलाज नाही.

आधी नुसती बेरीज करा. ट्रेलर ८६०, घोड्या ८००, बग्गी ४८०, झाले २१४०. त्यात पाच फुटाचं वाढीव लोखंड, पत्रा अन फळ्या धरल्या तर शंभरेक किलो आणखी. कागदावर १८०० आहे. म्हणजे लॉनवर पोचायच्या आधीच गाडी ओव्हरलोड, अन ओव्हरलोडचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. चॅनल जोडल्याने लांबी वाढते, आस अन टायर तेच राहतात ना, वजन उचलायची ताकद कुठून वाढणार. फॅब्रिकेशनवाला चॅनलचे पैसे घेईल, आसाबद्दल तो बोललाच नसेल.

आता दुसरी गोष्ट, अन माझ्या मते हीच जास्त धोक्याची आहे. ट्रेलरचं नाक, म्हणजे हुकावर टेकतो तो भाग, याच्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पाहिजे. कमी झाला की ट्रेलर मागून शेपटी हलवायला लागतो. रिकाम्या ट्रेलरच्या नाकावर ७० किलो आहे असं धरू (तुम्ही मोजून घ्या, नाकाचा जॅक तेवढा काट्यावर ठेवायचा अन बाकी ट्रेलर काट्याच्या बाहेर, समपातळीत). पाच फूट मागे वाढवून तिथे बग्गी ठेवली तर बग्गीचा मध्य आसाच्या मागे सव्वासहा फुटांवर जातो. ४८० गुणिले सव्वासहा भागिले १०, म्हणजे नाकावरून ३०० किलो उचलले गेले. पुढच्या दोन घोड्या मिळून १८० च्या आसपास परत देतात. ७० अधिक १८० वजा ३००, उत्तर उणे ५०. म्हणजे दोन्ही घोड्या आत उभ्या असतानासुद्धा ट्रेलर तुमच्या गाडीची मागची बाजू वर उचलून राहिला. अन लॉनवर घोड्या उतरवल्या अन बग्गी आतच आहे, त्या मिनिटाला काय होईल ते मी लिहीत नाही, तुम्हीच डोळ्यासमोर आणा.

ही शेपटी हलणं म्हणजे काय ते मी स्वतः भोगलंय म्हणून एवढं लांबण लावतोय. बरीच वर्षं झाली, साळ्याच्या शेतावर जनरेटर न्यायचा होता, छोट्या उघड्या ट्रेलरवर टाकला, उतरवायला सोपं पडेल म्हणून अगदी मागच्या फाळक्याला लावून ठेवला, तेवढाच शहाणपणा. बुटीबोरीच्या पुढे थोडा उतार लागला अन स्टिअरिंग एकदम हलकं झालं, लोण्यात हात घातल्यासारखं. आरशात पाहिलं तर ट्रेलरचा डावा टायर दिसला, मग उजवा, मग परत डावा. बाजूला साळा बसलेला, तो म्हणे ब्रेक मार, ब्रेक मार. नशीब की मारला नाही. अशा वेळी ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग उलटं फिरवलं की ट्रेलर आडवाच होतो, अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं अन गाडी आपोआप मंद होऊ द्यायची. थांबल्यावर आम्ही दोघांनी तो जनरेटर दीड फूट पुढे सरकवला अन बाकीचा रस्ता ट्रेलर मांजरीसारखा मागे आला. फरक फक्त दीड फुटाचा होता.

तिसरं, जागा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५ ई म्हणून नियम आहे, जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी. त्यात प्रत्येक जनावराला वेगळा कप्पा अन घोड्याला कमीत कमी २.२५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. आज तुमच्या ११ फुटी ट्रेलरात मधलं पार्टिशन ठेवून एकेका घोडीला २.८ च्या आसपास मिळते, छान आहे. पण बग्गीला साडेआठ फूट सोडून घोड्यांना पुढे साडेसात फूट उरले की एकेकीच्या वाट्याला १.९ येते, म्हणजे बसत नाही. अन याच नियमात पुढे आणखी एक ओळ आहे, तिथेच तुमचं घोडं पेंड खातं : जनावरं नेण्यासाठी असलेल्या गाडीत दुसरा कुठलाही माल न्यायला परवानगी नाही. बग्गी हा मालच झाला. म्हणजे लांबी, वजन, तोल सगळं जमवलं तरी घोड्या अन बग्गी एका पेटीत हा बेत कागदावर उभाच राहत नाही.

आरटीओचं विचारलंत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही की आरसीवरचा तपशील अन प्रत्यक्ष गाडी वेगळी पडेल. चासी कापून पाच फूट वाढवणं म्हणजे मूळ रचनाच बदलली, यात वाद घालायला जागा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल रजिस्टर होणार नाही. दंड मालकाला आहे, कलम १८२ अ, एका बदलामागे ५ हजार किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. फॅब्रिकेशनवाल्याच्या अंगाला काही लागत नाही म्हणून तो इतक्या सहज बोलून राहिला. अन अपघात झालाच तर इन्शुरन्सवाला पहिले आरसी अन टेप घेऊन मोजायला येतो हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय? माझं ऐकाल तर ट्रेलर आहे तसा घोड्यांसाठी ठेवा, चांगली वस्तू मिळाली आहे, त्याची चिरफाड करू नका. बग्गी पिकअपवर न्या. ऑर्डरच्या दिवशी एक पिकअप भाड्याने सांगायला जे लागतं ते गिऱ्हाइकाच्या बिलात धरा, लॉनवाले फुलांच्या गाडीचे पैसे घेतातच ना. तरी तुम्हाला बग्गीच ट्रेलरात अन घोड्या दुसऱ्या गाडीत असं उलट करायचं असेल तर तेही होऊ शकतं, पण मग आरसीवर ट्रेलर कशाचा म्हणून लिहिलाय ते आधी बघा (तेवढं एक तुम्ही पाठवलं नाही). जनावरांचा असेल तर पाटी एमएच ३१, ४० किंवा ४९ ज्या कार्यालयाची आहे तिथे आधी लेखी अर्ज, मंजुरी, मग बदल, अन बदल झाल्यावर १४ दिवसांत आरसीवर नोंद. क्रम उलटा करू नका. धंद्याला वापरणार म्हणजे पाटी पिवळी. ट्रेलरला स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर असतो अन त्याच्या मागे ओढणाऱ्या गाडीचाही नंबर दिसावा लागतो, हे नागपुरात निम्म्या ट्रेलरवाल्यांना माहीत नसतं. इन्शुरन्समधे ट्रेलर जोडलेला असताना कव्हर आहे का हे एजंटच्या तोंडी शब्दावर सोडू नका, पॉलिसीवर लिहून घ्या.

आता बग्गी आत बसवायची अन बांधायची गोष्ट, ही ट्रेलरलाही लागू अन बरीचशी पिकअपलाही.

एक समजून घ्या, घोडं ट्रेलरात स्वतःला सावरतं. ब्रेक लागला की पाय फाकवतं, वळणावर अंग टाकतं. बग्गीला यातलं काही येत नाही. त्यामुळे घोड्यांसाठी बनवलेल्या छातीपुढच्या दांडीवर अन मागच्या साखळीवर बग्गीचा भरवसा ठेवायचा नाही. मधलं पार्टिशन काढावं लागेल, पण ते बहुतेक ट्रेलरमधे पिनांवर किंवा बोल्टवर असतं, शांतपणे खोला अन घरी नीट ठेवा, गॅस कटर जवळ आणू नका. मधला खांब छताला किंवा दाराला आधार देत असेल तर त्याला हातच लावायचा नाही. अन टेप घेऊन मागच्या दाराची चौकट मोजा. आतून साडेपाच फूट आहे, पण चौकट आतल्या मापापेक्षा हमखास बारीक असते, तुमचा तुंबा ते तुंबा ५ फूट २ इंच. आत दोन्हीकडे दोन-दोन इंच उरतात, चौकटीत कदाचित काहीच नाही. हे घरी कळलेलं बरं, लॉनच्या गेटवर नाही.

फळ्या बघा. घोड्याच्या लघवीने ट्रेलरची फळी खालून सडते, वरून रबरी मॅट असते त्यामुळे दिसत नाही. मॅट उचला, खाली झोपून स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर ती फळी बदलायची. घोड्याच्या खुराला तळहाताएवढी जागा मिळते, बग्गीच्या लोखंडी धावेला (चाकावर चढवलेल्या पट्टीला) बोटभर, अन तीही प्रवासभर एकाच रेषेवर दणके देत राहते. म्हणून चाकांखाली दोन लांब चॅनल टाका, उताणे, खालच्या आडव्या अँगलला बोल्टने पक्के, वेल्डिंगने नाही. चाक त्यात बसलं की बाजूला सरकत नाही, अन उद्या घोड्या न्यायच्या झाल्या तर चॅनल काढून मॅट परत टाकता येते. वर आलेला बोल्ट किंवा उभी कडी घोडीच्या पायाला फाडते, तेव्हा डी-रिंगसुद्धा आडव्या पडणाऱ्या घ्या. त्या फळीला किंवा पत्र्याला स्क्रूने मारायच्या नाहीत, खालून जाड पट्टी देऊन चासीच्या मेंबरला आरपार बोल्ट.

चढवताना तुमचा फाळका पाच फूट असेल अन ट्रेलरची उंची दीड फूट, तर बग्गी ओढायला साधारण १४४ किलोचा जोर लागतो, घर्षण वेगळं. आठ फुटी रॅम्प लावला तर तोच जोर ९० वर येतो. हातविंच घ्या, पुढे चासीला पक्की, केबल बग्गीच्या आसाला. दोन माणसं बाजूला गुटके घेऊन, चाक जसं वर चढेल तसा गुटका मागे सरकवत. बग्गीच्या बरोबर मागे कोणी उभं राहायचं नाही, मग तो कितीही दणकट असो.

बग्गी पुढच्या भिंतीला भिडवून ठेवली तर तिचा मध्य आसाच्या सव्वा फूट पुढे येतो, नाकावर ७० चे १३० होतात अन एकूण १३४० च्या दहा टक्क्यांच्या जवळ बसतं. तीच बग्गी दाराला लावून ठेवली तर नाकावर दहा किलो उरतात. म्हणजे तुमच्या ट्रेलरात अडीच फुटाची मोकळीक आहे अन सगळा खेळ तेवढ्यातच. भिंत अन बग्गी यांच्यात लाकडी आडवं तुळवट बोल्टने बसवा, चाक त्याला टेकलं पाहिजे, नुसत्या पत्र्याला नाही.

बांधताना दोरी विसरा. नायलॉन ताणतो, ओला झाला की आणखी ताणतो, अन पहिल्या दोन खड्ड्यांत गाठ ढिली. रॅचेटचे पट्टे घ्या अन पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचा, त्यावर तुटायचं वजन अन काम करायचं वजन असं दोन्ही असतं, दुसरं साधारण पहिल्याच्या तिसरा हिस्सा. दुकानदार मोठा आकडा सांगतो, तुम्ही लहान धरा. जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्क्यांइतका जोर पुढे येतो असं धरून बांधतात, बाजूला अन मागे ५० टक्के. तुमच्या बग्गीला ते पुढे ३८४ अन बाजूला २४० किलो होतं. काम करायचं वजन ५०० किलोचे चार पट्टे, पुढे दोन, मागे दोन, फुलीसारखे.

पट्टा कुठे अडकवायचा इथे सगळे चुकतात. बग्गीचा वरचा डबा कमानपाट्यांवर बसलेला असतो, पट्टा डब्यावरून किंवा सीटच्या दांडीवरून टाकला की खड्ड्यात डबा दोन इंच खाली जातो, पट्टा ढिला पडतो, हूक निसटतो. पाट्याच्या खाली, थेट आसाला बांधायचं. आऱ्यांमधून पट्टा काढायचा नाही, आरे बाजूच्या ओढीसाठी नसतात. अन पुढचा आस मधल्या बोल्टवर फिरतो हे विसरू नका, तो एकाच पट्ट्याने बांधला तर पुढची चाकं आत वळतात अन सगळी बग्गी तिरपी होते, दोन्ही बाजूंनी सारखा ताण द्या. धुरा काढून गोणपाटात गुंडाळून खाली आडवी, तीही बांधलेली. गाद्या, काचेचे दिवे, चांदीच्या पत्र्याचे मोर जे काही असेल ते उतरवून पुढे गाडीत. एलईडी झालरीची बॅटरी असेल तर तिची वायर काढून ठेवा. टप बंद करूनच न्या.

निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबा, वर्धा रोडने निघालात तर चिंचभवनच्या आसपास, अन चारही पट्टे हाताने ओढून बघा. एक तरी नक्की ढिला निघेल.

जुन्या ट्रेलरचे टायर बघताना नक्षीवर जाऊ नका. उभ्या ट्रेलरची नक्षी नवी दिसते अन आपल्या उन्हात बाजूचं रबर तडकलेलं असतं. बाजूवर चार आकडी नंबर असतो, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा असेल तर मे महिन्यात त्याच्या भरवशावर नवरा-नवरीची बग्गी नेऊ नका. दिव्यांची वायर, इंडिकेटर, ब्रेकलाइट तपासा अन चमकपट्टी लावा, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. वराती रात्रीच्या असतात, परत येताना बाराचा ठोका पडून गेलेला असतो.

घोड्यांच्या गाडीबद्दलही थोडं. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आजही लागू आहेत, त्यात घोड्यांसाठी डॉक्टरचा दाखला, न घसरणारी जमीन, दोन जनावरांमधे कमीत कमी ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, तोंड डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर, असं सगळं लिहिलंय. अन वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही. आजच्या हायवेवर ३५ ने चालणारी गाडी म्हणजे मागच्यांच्या शिव्या खायचं काम, मान्य, पण उमरेडला सव्वा तासाच्या वर लागणार हे धरून निघा. सातची वरात असेल तर चारला घोड्या गाडीत चढलेल्या पाहिजेत. सौंसर म्हणजे मध्य प्रदेश, तिथे दाखला सोबत नसला तर नाक्यावर तुम्ही अन घोड्या दोघंही उभे राहाल.

प्रश्न : आमच्या सासरी आजेसासऱ्यांचा टांगा आहे, लाकडी चाकांचा, वर्षानुवर्षं गोठ्यात पडून. काटोलच्या शेतघरात दर्शनी ठेवायचा आहे. नातेवाइकाचा बंद ट्रेलर मिळतोय. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे जमतील तेव्हा नेऊ का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, माणसं मे महिन्यात जमवा, टांगा जुलैत न्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, आरे तुंब्यात खिळखिळे होतात अन लोखंडी धाव चाकावर सैल पडते. बंद पत्र्याच्या ट्रेलरात दुपारी तर भट्टीच. आधी चाक हाताने हलवून बघा, कुरकुर किंवा टकटक आवाज आला तर त्या चाकावर टांगा ढकलत नेऊ नका, चाकं काढून वेगळी न्या अन टांगा लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. जुने गाडीवान सैल चाक रात्रभर पाण्यात ठेवायचे, लाकूड फुगून धाव घट्ट बसते, पण सुकलं की परत तेच, तेव्हा तो दुरुस्तीचा उपाय धरू नका, धाव आवळणारा लोहार शोधा. काटोलकडे विचारलं तर सापडेल, बैलगाड्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत.

टांगा दोन चाकी, म्हणजे पुढच्या दोन दांड्या हवेत राहतात अन प्रवासात सगळा टांगा त्यांच्यावर डुलतो. दांड्यांखाली जुनी गोधडी घातलेला स्टूल किंवा लाकडी घोडी द्या, पण बांधायचं आसालाच, दांडीला नाही, दांडी त्या ओढीने मुळाशी चिरते. ताडपत्री थेट रंगावर टाकू नका, वाऱ्याने फडफडून रंग घासते, आत जुनी सुती साडी टाका. अन नेण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, रंगाच्या रेघा अन पितळी पट्ट्या कुठे होत्या ते नंतर कोणाला आठवत नाही.

प्रश्न : शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) बैलजोडी पिकअपमधे नेतो, सोबत छकडी (शर्यतीची हलकी गाडी) बैलांच्या मागे उभी करतो. कोर्टाने पटाला परवानगी दिली आहे, तर हे चालतं ना? — एक वाचक, रामटेक

उत्तर : पटाचा निकाल वेगळा भाऊ. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांचे कायदे कायम ठेवले ते शर्यतीबद्दल, बैल नेण्याचे नियम त्याने सैल झाले नाहीत. वर लिहिलेला १२५ ई बैलांनाही आहे, प्रत्येकाला २ चौरस मीटर, वेगळा कप्पा, अन गाडीत दुसरा माल नाही. छकडी हलकी आहे हे खरं, पण हलकी वस्तूच जास्त उडते. ब्रेक लागला की छकडीचं जू थेट बैलाच्या पुठ्ठ्यावर, अन पटाच्या आदल्या दिवशी बैल लंगडला तर तुम्हीच वर्षभर हळहळाल. छकडी दुसऱ्या गाडीच्या टपावर पट्ट्याने बांधून न्या, बाजूला बाहेर आली नाही पाहिजे, गाडीबाहेर आलेल्या मालाला २० हजार दंड आहे. बैलांची तोंडं इंजिनाकडे ठेवा, १९७८ च्या नियमांत बैलांना तसं सांगितलंय, घोड्यांना डावीकडे, बैलांना पुढे.

प्रश्न : बग्गी ट्रेलरमधे हलू नये म्हणून आमचा पोरगा आत धरून बसतो, बारावीचा आहे, दणकट आहे. काही हरकत? — एक वाचक, कामठी

उत्तर : हरकत आहे. ४८० किलोची बग्गी ब्रेकवर ३८४ किलोने पुढे येते हे वर मांडलंय, तुमच्या बग्गीचं वजन थोडं कमी-जास्त असेल, पोरगा ते धरू शकत नाही, तो फक्त मधे सापडतो. त्याला पुढे केबिनमधे बसवा, बेल्ट लावायला सांगा, अन दहा किलोमीटरवर उतरून पट्टे ओढून बघायचं काम त्याच्याकडे द्या.